आठवणींचे चित्रकार : रावबहादूर धुरंधर

(द्वितीय वर्ष, कला)

माणूस गेला तरी त्याची आठवण राहते, असे आपण सहज म्हणतो. पण आठवणही फार दिवस पुरत नाही. आधी आवाज विसरला जातो, मग चालण्याची ढब, आणि एखादी पिढी उलटली की चेहराही पुसट होतो. ज्यांना लिहिता येते ते रोजनिशी ठेवतात. ज्यांना लिहिता येत नव्हते त्या बायांनी जात्यावर ओव्या रचल्या. ज्याच्या हातात कुंचला आहे तो काय करतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ग्रंथालयात मला महादेव विश्वनाथ धुरंधर भेटले.

धुरंधरांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल; पण त्यांचे चित्र पाहिले नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. शिवराज्याभिषेकाचा तो भव्य दरबार आठवा. सिंहासनावर महाराज, भोवती शंभराहून अधिक माणसे आणि त्यांत वाकून मुजरा करणारा इंग्रज वकील. कितीतरी घरांच्या भिंतींवर, पुस्तकांत आणि दिनदर्शिकांवर हा दरबार छापला गेला. राज्याभिषेक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, ते पुष्कळ अंशी धुरंधरांनी उभे केलेले असते. राज्याभिषेक झाला १६७४ साली. धुरंधर जन्मले त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. स्वतः न पाहिलेल्या प्रसंगाची आठवण त्यांनी सबंध समाजाला दिली. आणि जे त्यांनी स्वतः पाहिले, अनुभवले, त्याचे काय झाले? ते जाणून घ्यायचे तर त्यांचे चरित्र पाहिले पाहिजे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. कोल्हापूर हे कलेचे माहेरघर. तेथील आबालाल रहिमान हे धुरंधरांच्या आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि नाव मिळवून गावी परतले. गावातला एक मुलगा चित्रकार होऊन आला की दुसऱ्याला वाट दिसते. १८९० च्या जानेवारीत धुरंधर त्याच शाळेत दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

जे. जे. ची स्थापना १८५७ सालची. धुरंधर आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्रमुख होते. या ग्रिफिथ्सांचे महाराष्ट्रावर एक मोठे ऋण आहे. १८७२ पासून पुढे बारातेरा वर्षे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. अंधाऱ्या लेण्यांत, उन्हाळ्या-हिवाळ्यात बसून तरुण मुलांनी ओलीने आणि वटवाघळांनी खराब होत चाललेली चित्रे उतरवून घेतली. त्यांतल्या पुष्कळ नकला विलायतेत पाठवल्या गेल्या आणि १८८५ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत जळून गेल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकलाही १८६६ मध्ये अशाच जळाल्या होत्या. चित्र आठवण जपते हे खरे, पण चित्रालाही कोणीतरी जपावे लागते, हा धडा त्या शाळेच्या भिंतींनी धुरंधर येण्यापूर्वीच शिकून ठेवला होता. पुढे धुरंधरांच्या बाबतीत या गोष्टीला फार महत्त्व आले, म्हणून ती येथे सांगितली.

जे. जे. मधले शिक्षण इंग्रजी वळणाचे होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेल्या माणसावरून रेखाटन, उजेड कोठून येतो, सावली कोठे पडते, वस्त्राला चुणी का पडते, दूरची वस्तू लहान का दिसते, याचा रोजचा सराव. कल्पनेच्या भराऱ्या नंतर, आधी डोळा तयार करायचा. आज काही जण या शिक्षणाला परकी नक्कल म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण धुरंधरांनी ही परकी विद्या घेऊन काढले काय, हेही पाहायला हवे. त्यांनी काढली ती आपली घरे, ओसऱ्या, नऊवारी नेसलेल्या बायका, देवपूजा, लग्नसमारंभ आणि बाजार. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात १८९५ साली त्यांना सुवर्णपदक मिळाले, तेही लक्ष्मीच्या आगमनाशी नाते सांगणाऱ्या एका घरगुती विषयाच्या चित्राला. १८९६ मध्ये ते जे. जे. मध्येच शिक्षक झाले. आता नोकरी होती, मान होता, घर होते. वय तिशीच्या आतले. सारे काही मनासारखे चालले होते.

त्याच साली मुंबईत प्लेग आला. त्या वेळची मुंबई आपण पुस्तकांतून वाचतो: ओस पडलेल्या चाळी, गाव सोडून निघालेली माणसे, आगगाडीच्या डब्यात होणारी तपासणी. पुण्यानेही १८९७ मध्ये तेच भोगले. या साथीने धुरंधरांची पहिली पत्नी बापूबाई हिला नेले. लग्नाला फार वर्षे झाली नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात प्लेग म्हणजे आकडे असतात; धुरंधरांच्या घरात प्लेग म्हणजे एक रिकामी जागा होती.

कालांतराने त्यांचे गंगूबाईंशी लग्न झाले. आणि येथून पुढे जे दिसते, त्यानेच मला या माणसाविषयी लिहावेसे वाटले. धुरंधरांनी आपल्या पत्नीची कितीतरी रेखाटने केली. गंगूबाई बसलेल्या, काही कामात असलेल्या, विसावलेल्या. ही चित्रे कोणी मागितलेली नव्हती, त्यांचे पैसे मिळणार नव्हते, प्रदर्शनात त्यांना पदक मिळणार नव्हते. काही पेन्सिलीने, काही शाईने झरझर काढलेली, काही हलक्या जलरंगात. आणि धुरंधरांची सवय अशी की कोपऱ्यात सहीबरोबर तारीख घालायची. मोठ्या तैलचित्रावर तारीख असते यात विशेष नाही. पण घरातल्या साध्या क्षणावर तारीख घालणारा माणूस निराळा. आज हिला मी असे पाहिले, एवढेच त्या तारखेत असते.

एक माणूस गमावल्यामुळे ते दुसऱ्याला असे कागदावर धरून ठेवत होते काय? हे त्यांच्या मनाचे गुपित. त्यावर मी ठाम बोलणे बरे नाही. पण मी पाहिलेल्या त्यांच्या चित्रांत प्लेग कोठेही नाही. शोक नाही, मृत्यू नाही. आहे ती घरातली शांतता, दुपारचा उजेड, पदराची चुणी. भावना व्यक्त करायची म्हणजे ती मोठ्याने ओरडून सांगायची, असे आपल्याला सिनेमामुळे वाटू लागले आहे. आमच्या घरच्या बायका दुःखाविषयी बोलत नाहीत. त्या गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी करतात. धुरंधरांची ही चित्रे मला त्या भाजीसारखी वाटतात.

यावर कोणी म्हणेल, तेव्हा फोटो निघत होते. मग एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मुंबईत त्या काळी फोटोचे स्टुडिओ होते आणि ऐपत असलेली कुटुंबे तेथे जाऊन कोट-पगड्या घालून फोटो काढवीत. त्या फोटोंतली माणसे ताठ बसलेली असतात, कारण हलले की फोटो बिघडे. चित्राची रीत उलटी. समोरचे माणूस हलते, बोलते, उठून चहा ठेवून येते, आणि तरी काढणारा पाहत राहतो. अर्धा तास, तासभर एखाद्याकडे पाहत राहणे हीच एक मायेची गोष्ट आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो असतात. पण त्यांतला एक तरी काढताना आपण समोरच्याकडे अर्धा तास पाहिले होते का? चित्रात जे उतरते ते रूप असतेच, पण त्या पाहण्यात गेलेला वेळही त्यात उतरतो, असे मला वाटते.

धुरंधरांचे बाहेरचे आयुष्य तर कामाने नुसते ओसंडत होते. शाळेत ते पायरीपायरीने वर चढले, आणि निवृत्तीच्या आधी काही काळ संचालकपदाचे कामही त्यांनी पाहिले. इंग्रजी अमदानीत एका देशी माणसाने तेथवर जाणे सोपे नव्हते. १९२७ मध्ये त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या इमारतीसाठी त्यांनी भित्तिचित्रे केली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे आश्रयदाते. त्यांच्यासाठी धुरंधरांनी शिवचरित्रातील प्रसंग रंगवले. औंधला यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उघडलेल्या श्रीभवानी चित्रसंग्रहालयात धुरंधरांची चित्रे आजही पाहायला मिळतात. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येते. आपल्या महाविद्यालयाची एखादी सहल तिकडे जावी, अशी येथे विनंती करून ठेवते.

पुस्तकांसाठीही त्यांनी पुष्कळ चित्रे काढली. सी. ए. किंकेड या साहेबाने श्रावणातल्या आपल्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, ते पुस्तक १९१४ चे. आदितवारची कहाणी, सोमवारची कहाणी, ज्या आपल्या आज्या तांदळाचे दाणे हातात घेऊन ऐकतात, त्यांतले राजे, राण्या आणि गरीब ब्राह्मण धुरंधरांनी रंगवले. १९१२ मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील पुस्तकालाही त्यांची चित्रे होती. शिवाय छापील पोस्टकार्डांसाठी त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे काढली. आणा-दोन आण्यांची ती कार्डे टपालातून देशोदेशी गेली.

यांतले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे ऑटो रॉथफील्ड या सनदी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील स्त्रियांवर लिहिलेले, १९२० साली निघालेले. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. मुंबईची कोळीण, अहमदाबादची रंगारी मुलगी, निलगिरीतली तोडा स्त्री. चित्रे अतिशय सुंदर आहेत. कोळणीच्या उभे राहण्यात जो रुबाब आहे तो एखाद्या राणीला शोभावा. कष्टकरी बाईच्या अंगाला कष्टाने जो डौल येतो तो धुरंधरांनी नेमका टिपला आहे. तरीही हे पुस्तक पाहताना माझे मन अडले. या बायकांपैकी कोणालाही नाव नाही. अमक्या गावची, अमक्या जातीची, अमक्या धंद्याची, एवढीच ओळख. लेखकाला वेगवेगळ्या जातींचे नमुने हवे होते आणि चित्रकाराने ते पुरवले. ज्या हाताने गंगूबाईंच्या चित्रावर तारीख घातली, त्याच हाताने ही चित्रे काढली. पण एकीकडे माणूस आहे आणि दुसरीकडे मासला.

हा दोष एकट्या धुरंधरांचा नव्हे. तो काळच साहेबाच्या हिशेबाने चालत होता. पण मला तो टोचतो, आणि त्याचे कारण सांगायला हवे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आम्ही विश्रांतवाडीला राहतो. माझी पणजी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडत होती, आणि पुढे पोट भरण्यासाठी घरची मंडळी इकडे पुण्याला आली. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. जुन्या रेशनकार्डावर तिचे नाव तेवढे आहे. रॉथफील्डच्या पुस्तकातल्या बायांचे चेहरे शंभर वर्षांनंतरही ताजे आहेत आणि नावे गेली. माझ्या पणजीचे नाव राहिले आणि चेहरा गेला. दोन्हीकडे आठवण अर्धीच.

आषाढी वारीत आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्याला जाताना आमच्या विश्रांतवाडीतून जाते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायांचे हजारो फोटो लोक काढतात. ते फोटो वर्तमानपत्रांत येतात, स्पर्धांत बक्षिसे मिळवतात. खाली लिहिलेले असते, वारकरी महिला. त्या मावशींना नाव विचारावे, गाव विचारावे, एवढे अजूनही आपल्याला सुचत नाही. म्हणजे रॉथफील्डसाहेब गेले, पण त्यांची नजर गेली नाही.

आता चित्रांच्या जपणुकीविषयी. वर ज्या आबालाल रहिमानांचा उल्लेख केला, ते गावी परतल्यावर कोटीतीर्थाच्या काठी राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार नेमले. रंकाळा, संध्यामठ, पाणी आणि सकाळ-संध्याकाळचे उजेड त्यांनी फकिराच्या वृत्तीने रंगवले. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली पुष्कळ चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. ती लोककथा असली तरी खोटी वाटत नाही. ज्याला दाखवायचे तोच गेला, तर दाखवून काय करायचे? भावना व्यक्त करण्याची ही एक तऱ्हा झाली: चित्र काढणे ही भावना आणि ते बुडवणे ही त्याहून मोठी भावना. १९३१ मध्ये आबालालही गेले. त्यांचे जे थोडे काम उरले त्यावरून, किती गेले असेल याची हळहळ वाटते.

धुरंधरांचे काम मात्र राहिले, आणि याचे श्रेय मुख्यतः त्यांच्या मुलीला आहे. अंबिका धुरंधर यांचा जन्म १९१२ चा. त्याही जे. जे. मध्ये शिकल्या आणि चित्रकार झाल्या. मुलींनी चित्रकलेच्या शाळेत जाणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. १ जून १९४४ रोजी वडील वारले. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे, २००९ मध्ये स्वतः जाईपर्यंत, अंबिकाबाईंनी वडिलांची चित्रे, रेखाटने आणि वह्या सांभाळल्या. मुंबईची दमट हवा, वाळवी, जागेची टंचाई. कागद टिकवणे म्हणजे मूल वाढवण्यासारखे. त्यांनी स्वतःच्या आठवणीही ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने लिहिल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा लोकांना या चित्रकाराची खरी व्याप्ती कळली. एका मुलीने हे सारे जिवापाड जपले नसते, तर कितीशी चित्रे त्या भिंतींवर लागली असती?

धुरंधर स्वतः १९३१ मध्ये निवृत्त झाले आणि १९४० मध्ये त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. जन्मभर रेषेने बोलणाऱ्याला शेवटी शब्दांकडे यावेसे वाटले, हे मला लक्षणीय वाटते. चित्र चेहरा जपते, पण नाव, नाते आणि काळ सांगायला शब्द लागतात. दोन्ही मिळून आठवण पुरी होते. म्हणूनच तर ते चित्राच्या कोपऱ्यात तारीख घालत असावेत.

धुरंधरांची चित्रे आज जुन्या वळणाची वाटतात. त्यानंतर चित्रकला फार पुढे गेली. रूपच टाकून नुसत्या रंगाने बोलणारे मोठे चित्रकार याच जे. जे. मधून निघाले. धुरंधर गोड आहेत, जगातले क्रौर्य त्यांनी फारसे दाखवले नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे. पण त्यांच्यापासून आपल्यासारख्या चित्रकार नसलेल्यांनीही घेण्यासारखे काही आहे.

हे सारे वाचल्यावर मी आजीला तिच्या सासूविषयी, म्हणजे माझ्या पणजीविषयी विचारले आणि ऐकत ऐकत पेन्सिलीने काढू लागले. मला चित्रकला येत नाही. आजी म्हणाली, नाक असे नव्हते, बसके होते. मग म्हणाली, हनुवटीवर गोंदण होते, तीन ठिपके. कपाळावर आडवे कुंकू. मग चित्र बाजूलाच राहिले आणि आजी बोलत राहिली. खडी फोडताना पणजी हाताला चिंध्या गुंडाळायची, आणि मिळालेल्या सुकडीतली मूठभर लहान दिरासाठी पदरात बांधून आणायची. ही गोष्ट माझ्या वडिलांनीही कधी ऐकली नव्हती. चित्र काही साधले नाही, पण चित्राच्या निमित्ताने आठवण वर आली. कोणी काढत बसले आहे हे दिसले की सांगणाऱ्यालाही सांगावेसे वाटते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एक तरी व्यक्ती आहे जिचा चेहरा आता एका-दोघांच्याच डोळ्यांत उरला आहे. ते डोळे मिटले की तो चेहराही मिटेल. चांगले काढता येण्याची वाट पाहू नका. कागद घ्या, विचारा, काढा. आणि धुरंधरांसारखी एक शिस्त पाळा: खाली नाव लिहा, गाव लिहा आणि तारीख घाला.